सुट्ट्या पैशांतले प्राणी: ऑस्ट्रेलियात ते प्रत्यक्ष कसे बघायचे

बँकेत कॅश काउंटरवर मी ३१ वर्षं काढली. त्यामुळे हातात नाणं आलं की आधी ते उलटंसुलटं करून बघायचं, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. मुलीकडे मेलबर्नला पहिल्यांदा गेले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी दुकानातून आणलेले सुटे पैसे ओट्यावर ओतले आणि चष्मा लावून बसले. एका बाजूला राणी. दुसऱ्या बाजूला अख्खं प्राणिसंग्रहालय! ५ सेंटवर एकिडना (अंगभर काटे असलेला मुंगीखाऊ), १० वर लायरबर्ड (लांब पिसाऱ्याचा नकलाकार पक्षी), २० वर प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा पाण्यातला प्राणी), ५० वर देशाची ढाल धरून उभे असलेले कांगारू आणि इमू, १ डॉलरवर पाच कांगारू. २ डॉलरवर तेवढा माणूस आहे, तिथल्या आदिवासींमधला एक वडीलधारा, आणि शेजारी आपलं त्रिशंकू नक्षत्र. १९६६ साली तिथे पौंड-शिलिंग जाऊन डॉलर-सेंट आले, तेव्हा स्टुअर्ट डेव्हलिन नावाच्या कारागिराने ही चित्रं केली. डॉलरचं नाणं मागाहून, १९८४ साली आलं, तेही त्याच्याच हातचं.

त्या दिवशी माझ्या पाकिटाचे मी दोन कप्पे केले. एक ‘बाकी’, एक ‘जमा’. जो प्राणी मोकळ्या रानात स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, त्याचं नाणं बाकीतून जमेत. प्राणिसंग्रहालयात बघितलेला धरायचा नाही. आमचे हे म्हणाले, "तुझं काहीतरीच." पण पुढच्या तीन मुक्कामांत सगळ्यात जास्त पायपीट त्यांनीच केली.

मुलांकडे तीन-सहा महिने जाऊन खिडकीतून रस्ता बघत बसणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हे लिहिते आहे. गुडघे साधारण चालत असले तरी पुरे.

सुरुवात महिन्यांपासून करा, कारण तिथलं वर्ष उलटं आहे. जून ते ऑगस्ट हिवाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. मुलं आपल्याला बोलावतात ती बहुधा डिसेंबरात, त्यांच्या सुट्टीच्या हिशेबाने. प्राण्यांसाठी जायचं असेल तर मेलबर्नच्या बाजूला जुलै ते ऑक्टोबर बरा. थंडी वाजते, पाऊस असतो, पण लायरबर्ड नाचतो तो याच दिवसांत आणि एकिडना भरदिवसा फिरताना दिसतो तोही याच दिवसांत.

दुसरी गोष्ट वेळेची. तिथले बहुतेक केसाळ प्राणी निशाचर, नाहीतर पहाट-संध्याकाळचे. सकाळचा नाश्ता, आंघोळ, देवपूजा उरकून अकराला निघालात तर फक्त झाडं दिसतील. सामानात ८ पटींची हलकी दुर्बीण, बसायला घडीचं स्टूल, थर्मास आणि लाल कागद लावलेली विजेरी. लाल उजेड रात्रीच्या प्राण्यांच्या डोळ्यांना कमी खुपतो. झगझगीत रंगाचं जाकीट घरी ठेवा. प्रत्येक पावलाला चुरचुरणारं तर नकोच नको.

आता सोपं आधी. १ डॉलर.

कांगारूसाठी लांब जायची गरज नाही. मेलबर्नच्या विमानतळाजवळ वुडलँड्स हिस्टॉरिक पार्क आहे, तिथे संध्याकाळी करड्या कांगारूंचे कळप चरायला बाहेर पडतात. ग्रेट ओशन रोडवरच्या अँगलसी गावात तर गोल्फच्या मैदानावरच त्यांचा मुक्काम असतो. पण हे पूर्वेकडचे करडे. जगातला सगळ्यात मोठा पिशवीवाला प्राणी म्हणजे लाल कांगारू, नर ८५ किलोच्या आसपास. तो बघायचा तर कोरड्या भागात, ब्रोकन हिल किंवा मंगोच्या बाजूला जावं लागतं. डॉलरवरचे पाच कुठल्या जातीचे आहेत हे नाण्यावर लिहिलेलं नाही, म्हणून मी करड्यांवरच नाणं जमा केलं. कॅशियरने इतकी सवलत घेतली तर चालते.

कळप दिसला की धावत जवळ जाऊ नका. बसून घ्या आणि त्यांची चाल बघा. उड्या सगळ्यांना ठाऊक असतात, पण चरताना ते उड्या मारत नाहीत. पुढचे दोन पाय आणि शेपूट जमिनीवर टेकवून मागचे दोन्ही पाय एकदम पुढे ओढतात. शेपूट तिथे चक्क पाचव्या पायाचं काम करतं. उडीमध्ये मात्र पायाच्या लांब कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) स्प्रिंगसारख्या ताणून सुटतात, त्यामुळे वेग वाढला तरी ताकद त्या मानाने जास्त लागत नाही. पिशवीतून डोकावणारं पिल्लू दिसलं तर लक्षात ठेवा, जन्मताना ते राजम्याच्या दाण्याएवढं होतं, वजन एक ग्रॅमसुद्धा नाही, आणि तेवढ्या जिवाने आईच्या केसांना धरून स्वतःच पिशवी गाठली होती. मोठा नर ताठ उभा राहून तुमच्याकडे बघायला लागला तर फोटो पुरे. तिरकं होऊन, अंग जरा वाकवून, हळूहळू मागे सरा. आणि खायला काही घालू नका. पाव तर मुळीच नाही.

गाडी चालवणाऱ्या जावयाला एक सांगून ठेवा. उन्हं उतरल्यावर गावाबाहेर वेग कमी, आणि कांगारू आडवा आला तर सरळ ब्रेक. स्टिअरिंग फिरवायचं नाही. माणसं मरतात ती बहुधा त्याला चुकवायला जाऊन झाडावर आदळल्याने.

५० सेंटमधला इमू असाच सोपा, म्हणून लवकर आटोपते. वॉर्नांबूलजवळ टॉवर हिल म्हणून एक विझलेला ज्वालामुखी आहे, १८९२ साली ते व्हिक्टोरियातलं, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथलं, पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे तिथली झाडं पार तोडली गेली होती. १९६० च्या दशकात पुन्हा लागवड करायची ठरली तेव्हा मूळची झाडी कशी होती हे कळायला आधार घेतला तो १८५५ सालच्या एका तैलचित्राचा! आज त्या चित्रातून उगवलेल्या रानात इमू सहलीच्या बाकांमधून फिरतात. शहामृगानंतर जगातला सगळ्यात उंच पक्षी हाच. अंडी गडद हिरवी, आणि ती उबवतो नर. सुमारे आठ आठवडे जवळजवळ अन्नपाण्यावाचून बसून. आमच्या ह्यांना ही माहिती मी दोनदा सांगितली. डबा मात्र पिशवीतच ठेवा, इमूची मान फार लांब असते.

(पहिल्या १९६६ च्या ५० सेंटमध्ये ८० टक्के चांदी होती. ते गोल होतं. नंतर चांदीचीच किंमत नाण्याहून वर गेली आणि १९६९ पासून बारा कोनांचं साधं नाणं आलं. गोल मिळालं तर खर्च करू नका.)

१० सेंटला मला चार खेपा लागल्या.

लायरबर्डसाठी मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवरून बेलग्रेव्हची लोकल धरा. शेवटचं स्टेशन, साधारण तास-सव्वा तास. तिथून वर शेरब्रुकचं जंगल, चालत किंवा गाडीने ग्रँट्स पिकनिक ग्राउंडपर्यंत. झाडं बघूनच मान मोडते. हे माउंटन ॲश, निलगिरीतला एक प्रकार, फुलं येणाऱ्या झाडांमध्ये जगात सर्वांत उंच असणाऱ्यांपैकी एक. याच जातीचं टास्मानियातलं एक झाड १०० मीटरपर्यंत गेलेलं आहे. खाली माणसाहून उंच नेचे आणि कायमची ओल. पायजमा मोज्यात खोचा, जळवा असतात.

पहिल्या तीन वेळा मी डोळ्यांनी शोधत होते, ते चुकलं. हा पक्षी कानांनी शोधायचा. नर लायरबर्ड दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की कुकाबरा समजून तुम्ही झाडाच्या शेंड्याकडे बघत राहता. खूण सांगते. कुकाबराचं हसणं, मग व्हिपबर्डचा चाबूक ओढल्यासारखा फटकारा, मग पोपटाचं चिवचिवणं, हे सगळं मिनिटभरात, एकाच जागेवरून आणि जमिनीलगतून येत असेल तर तिथे तीन पक्षी नाहीत. एकटा लायरबर्ड आहे. ऐकू आलं की थांबा. आवाजाच्या दिशेने जाऊ नका, पायवाट सोडू तर नकाच, झाडाला टेकून उभ्या राहा.

चौथ्या खेपेला, जुलैमध्ये, सकाळी आठच्या सुमाराला, मी अशीच टेकून उभी होते. नेच्यांच्या आड त्याने पायाने उकरून मातीचा मीटरभर ओटा केलेला होता. नाचायचा मंच. त्यावर चढला आणि पिसारा उलटा फेकला. मोर पिसारा मागे उभारतो, हा मागून उचलून डोक्यावरून पुढे घेतो. १६ पिसं, त्यातली बरीचशी जाळीसारखी, आतून चंदेरी. एखाद्या बाईने भरजरी पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यावा आणि आतून गात राहावं, तसं. पक्षी दिसेनासा झाला, पिसारा तेवढा थरथरत होता. १० सेंटवर नेमका हाच क्षण आहे, पण इतके दिवस ते नाणं मी उलटं धरत होते हे मला तेव्हा कळलं. पूर्ण पिसारा यायला नराला सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा साधी शेपटी दिसली तर तो तरुण नर असेल किंवा मादी. मादीलाही नावं ठेवू नका, नक्कल तीही करते आणि हिवाळ्यात एकच अंडं घालून एकटीने वाढवते.

नाच दिसला नाही तरी उकरणं नक्की दिसेल. कोंबडीसारखं, पण कितीतरी जोमाने. अभ्यासकांनी मोजलंय, लायरबर्ड एका हेक्टरमध्ये वर्षाला सरासरी १५५ टन पाचोळा आणि माती इकडची तिकडे करतात.

२० सेंट. यासाठी वेळ काढा.

प्लॅटिपसबद्दल सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं, म्हणून थोडंच. सस्तन असून अंडी घालणाऱ्या प्राण्यांच्या जगात पाचच जाती उरल्या आहेत, एक प्लॅटिपस आणि चार एकिडना. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकापासून पुरता सुटा झाला आणि पुढे एकटाच राहिला, म्हणून असली जुनी घराणी तिथे टिकली. १७९९ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गतज्ज्ञाच्या हाती वाळवलेलं कातडं आलं, तेव्हा कुणी बदकाची चोच एखाद्या चौपायी प्राण्याला शिवून फसवतंय असं वाटून त्याने टाके शोधले होते. खोट्या नोटा तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईला त्याचं मन बरोबर कळतं.

जागा अनेक आहेत. क्वीन्सलँडमध्ये मकायच्या पश्चिमेला युंगेला राष्ट्रीय उद्यानात ब्रोकन रिव्हरवर खास फलाट बांधलेले आहेत. कमी कष्टात बघायचं तर तिथेच जा. आम्ही गेलो व्हिक्टोरियातल्या ऑटवेजच्या जंगलात, फॉरेस्ट गावाजवळच्या लेक एलिझाबेथला. १९५२ साली अतिवृष्टीत डोंगर खचला, बारवन नदीची एक शाखा अडली आणि हे तळं तयार झालं. बुडालेल्या झाडांचे वाळके खोड अजून पाण्यातून वर आलेले आहेत. मेलबर्नपासून दोन-अडीच तास, म्हणजे पहाटे पोचायचं तर रात्री जवळपास मुक्काम करायला हवा.

प्लॅटिपस केवढा असतो हे आधी डोक्यात पक्कं करा. मी मांजराहून मोठं काहीतरी शोधत होते. तो मांजराहून लहान असतो. चोचीपासून शेपटीपर्यंत हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढा. पाण्यावर दिसतो तो फक्त पाठीचा एक बुटका, चपटा पट्टा. म्हणून प्राणी शोधूच नका, पाणी वाचा. वारा नसलेला दिवस हवा. सपाट पाण्यावर आधी बुडबुड्यांची एक रेघ सरकते, मग तो वर येतो, दहा-बारा सेकंद तरंगत गालात साठवलेलं चावतो आणि पुढे कोलांटी घेऊन बुडतो. मागे राहतात गोल गोल वलयं. खाली गेला की अर्धा ते एक मिनिट तरी वर येत नाही.

याचा फायदा कसा घ्यायचा? लहानपणी आपण भिंतीकडे तोंड करून राज्य घेणाऱ्यामागे सरकायचो, तसंच. तो वर असताना पुतळा व्हायचं. बुडाला की चार-पाच पावलं पुढे, आणि पुन्हा पुतळा. बुडाल्यावर त्याचे डोळे, कान, नाक सगळं बंद असतं. गढूळ पाण्यात तो शिकार शोधतो ती चोचीने. चोचीवर सुमारे ४०,००० बारीक ग्राहक असतात आणि कोळंबीने अंग हलवलं की त्यातून निघणारी अगदी क्षीण वीज त्यांना कळते. वर आला की मात्र काठावरची हालचाल त्याला लगेच दिसते.

फसवणूक एकाच प्राण्याकडून होते, राकाली. तिथला पाणउंदीर. त्याचे कान दिसतात, शेपटीचं टोक पांढरं असतं आणि पोहताना मागे बाणासारखी लांब रेघ उमटते. पहिल्या संध्याकाळी मी राकालीवर नाणं जमा करून टाकलं होतं. रात्री मुलीने फोटो मोठा करून शेपूट दाखवली आणि नाणं परत बाकीत गेलं. चूक सापडली की नोंद उलटवायची, त्यात लाज कसली?

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला खरा आला. ह्यांनी "तो बघ!" असं जे ओरडून सांगितलं, त्यानंतर तो पंचवीस मिनिटं दिसला नाही. तेव्हा सोबतच्या माणसाशी आधीच खुणा ठरवून घ्या. आणि कुठे काठाला अडकलेला, जखमी प्लॅटिपस दिसला तर हात लावू नका. नराच्या मागच्या पायाला विषारी काटा असतो. माणूस मरत नाही, पण दुखणं असं की मॉर्फिननेही हटत नाही.

५ सेंटच्या एकिडनाला पत्ताच नाही. देशभर सगळीकडे आहे, वाळवंटापासून बर्फाच्या डोंगरापर्यंत, आणि ठरवून गेलं की कुठेही नाही. दोन मुक्काम मी त्याच्या मागे होते. खुणा भरपूर सापडल्या: वारुळाला पाडलेली खिंडारं, मातीत नाक खुपसून केलेले निमुळते खड्डे. मालक गायब. तिसऱ्या वेळी सप्टेंबरात, उबदार दुपारी, एका सहलीच्या मैदानात स्वच्छतागृहाकडे निघाले होते, तर वाटेत काट्यांचा एक गोळा डुलत डुलत चाललेला. मला बघताच त्याने जागच्या जागी जमिनीत रुतून घेतलं. खाली बुडणाऱ्या नावेसारखं. वर फक्त काटे उरले.

इथे बहुतेक लोक निघून जातात. तुम्ही थांबा. आठ-दहा पावलं मागे जाऊन हलायचंच नाही. मी बारा मिनिटं उभी होते (स्वच्छतागृह राहिलंच). मग काटे सैल झाले, आधी नळीसारखं नाक बाहेर आलं आणि तो माझ्या बुटांच्या दिशेनेच चालत आला. मागचे पंजे उलटे, मागच्या बाजूला वळलेले, हे तेव्हा नीट दिसलं. जीभ १८ सेंटिमीटरपर्यंत जाते, ती मुंग्यांवर कशी सपासप चालते तेही दिसलं. हिवाळ्यात एका मादीमागे रांगेने चालणारे नर दिसतात म्हणे, गाडीच्या डब्यांसारखे. तेवढं माझं भाग्य नव्हतं.

हे सगळं करताना सापाची भीती मनात असतेच. गवत उंच असेल तिथे पाय घालू नका, लाकडाच्या ओंडक्यावरून थेट पलीकडे पाऊल टाकू नका, बंद बूट घाला. चावलाच तर धुवायचं नाही, चालायचं नाही. पूर्ण हात किंवा पाय घट्ट लवचिक पट्टीने गुंडाळून ०००ला फोन. पिशवीत अशी पट्टी असू द्या. माझी अजून प्लास्टिकमधून बाहेर आलेली नाही.

इथवर सगळं जमा झालं, तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला १ आणि २ सेंटची तांब्याच्या रंगाची नाणी दाखवली. १९९२ पासून ती चलनातून काढून घेतली. वितळवून त्यातून २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकची कांस्यपदकं केली. दोन्हींवर प्राणी! पाकिटाचा ‘बाकी’चा कप्पा पुन्हा उघडला.

२ सेंटवर झालरवाला सरडा. त्यासाठी उत्तरेला डार्विनकडे जावं लागतं. सगळे जातात कोरड्या हवेत, मे ते ऑगस्टमध्ये, तेव्हा हा सरडा झाडांवर उंच निपचित बसलेला असतो. पहिल्या पावसाच्या आसपास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो खाली उतरतो. उकाडा जीवघेणा, पण रस्त्याकडेच्या खोडांवर माणसाच्या छातीच्या उंचीवर बघत चला. तो खोडाच्या मागच्या बाजूला सरकतो, तुम्ही फिरलात की तोही फिरतो. दोघांनी दोन बाजूंनी जायचं. आम्हाला सापडलेल्याने गळ्याची छत्री उघडली, तोंड वासलं आणि लगेच दोन पायांवर उभा राहून पळाला, धोतर सावरत पळणाऱ्या माणसासारखा. त्या भागात पाण्याच्या काठापासून निदान ५ मीटर लांब राहायचं. खाऱ्या पाण्यातली मगर जगातला सर्वांत मोठा सरपटणारा प्राणी आहे, आणि दिसत नाही तेव्हाही असते.

राहिला १ सेंट. पिसासारख्या शेपटीचा ग्लायडर, तरंगत जाणाऱ्या सस्तन प्राण्यांत जगातला सगळ्यात लहान. १ सेंटची पाच नाणी तराजूत टाकली तर त्याच्याएवढी भरतात, साधारण १३ ग्रॅम. त्याच्या बोटांना अशा गाद्या असतात की खिडकीच्या काचेवरही चढतो, आणि एका झेपेत २५ मीटर जातो. पूर्वेकडच्या जंगलांत तो भरपूर आहे. पद्धत अशी: निलगिरी फुलावर असताना, रात्री, झाडाखाली उताणं पडायचं, लाल विजेरी फुलांच्या झुबक्यांवर हळू फिरवायची आणि वाळकं पान पडावं तसं काही दिसलं, पण ते आडवं गेलं, तर तो.

अकरा रात्री झाल्या. आडवी गेली ती सगळी पानंच होती. पुढच्या ऑक्टोबरचं तिकीट काढलंय, आणि यावेळी ह्यांनी स्वतःहून अंथरायला जुनी चादर काढून ठेवली आहे.